तळ्याकडची खोली

आमच्या आत्याच्या घराचं कुणी कौतुक केलं, की ती आधी त्याच्या पायांकडे बघायची. बूट स्वच्छ असले म्हणजे माणूस शहरातला. मग ती हसून म्हणायची, "आत या ना, बघा." बूट मळके असले तर इथलाच कुणीतरी, आणि इथला माणूस घराचं कौतुक करतोय म्हणजे त्याला एकतर शिडी उसनी हवी असणार, नाहीतर घर विकत घ्यायचं असणार. अशांना ती दारातूनच वाटेला लावायची.

मी तिचा भाचा. नाक्यावर माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, नळ, पाइप, रंग, कुलपं. शहर आमच्यापासून तसं लांब होतं. मग मोठा रस्ता झाला आणि शहर उठून आमच्याकडे चालत आलं. शेतं गेली आणि ओळीने घरं उभी राहिली, सगळी एकसारखी. नव्याने राहायला आलेला एक माणूस चुकून शेजाऱ्याच्या घरात शिरला आणि पंखा लावून निवांत बसला, असं आमच्याकडे सगळे सांगतात. गोष्ट खरी असावी, कारण त्या शेजाऱ्याला नवं कुलूप मीच विकलं. माझी चांदी झाली, खोटं कशाला बोलू? पण शांतता हवी म्हणून इथे यायचं आणि येताना गाडीत ढणाढणा गाणी लावायची, या लोकांशी माझं कधी जमलं नाही. शनिवार उजाडला की यांच्या गाड्यांची रांग लागते. हवा खायला येतात म्हणे. सिमेंटच्या गाड्या दिवसभर धूळ उडवत असतात, ती खाऊन जातात.

आत्या मात्र या लोकांना जपायची. तिचं घर वस्तीच्या टोकाला, उतारावर. मागे दगडाची जुनी खाण होती. खाण बंद पडल्यावर तिच्यात पाणी साचलं आणि आम्ही तिला तळं म्हणायला लागलो. शहरातले लोक तिला लेक म्हणतात. आतोबा, म्हणजे आत्याचा नवरा, रस्त्याच्या रोलरवर होते. तो मोठा रस्ता पूर्ण व्हायच्या आतच ते गेले. आत्याने जन्मभर दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री केली. तिला एकच मुलगी. लहानपणी एका जागी दोन मिनिटं बसायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि लग्न होऊन शहरात गेली तरी ते नाव सुटलं नाही. तळ्याकडची खोली भिंगरीची.

पैसे देणारे पाहुणे ठेवायची सुरुवात अगदी योगायोगाने झाली. एका जोडप्याची गाडी आत्याच्या दारासमोर बंद पडली. दुरुस्ती दुसऱ्या दिवसावर गेली, तर आत्याने त्यांना घरात झोपवलं. सकाळी त्या बाईने चादरीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हॉटेलातसुद्धा अशा चादरी नसतात हो." झालं. आत्याला आभाळ ठेंगणं झालं. जाताना त्यांनी तिच्या हातात पैसे कोंबले, आणि आठवडाभरात मी तिच्या घराचे फोटो काढून एका साइटवर टाकले. शहराजवळचं गावाकडचं घर, पाण्याकाठी, शांत, घरात फक्त मालकीणबाई. हा मजकूरही माझाच.

यात तिचा स्वतःचा एक हेतू होता आणि तो तिने माझ्यापासून लपवला नाही. जावयाने लग्नानंतर पहिल्याच खेपेला नाक मुरडलं होतं. न्हाणीघर घराबाहेर आहे, अशा घरात मी मुक्काम करणार नाही, आणि बायकोलाही ठेवणार नाही. तेव्हापासून भिंगरी सकाळी यायची आणि संध्याकाळच्या बसने परत. आत्या म्हणायची, "एकदा घरात बाथरूम होऊ दे. त्याचं तोंड बंद झालं की माझी पोर चार दिवस राहील माझ्यापाशी." त्यासाठी तिने आधी पुढची खोली दिली, मग मधली, आणि शेवटी जीव घट्ट करून तळ्याकडचीही दिली. स्वतः मागच्या अडगळीत खाट टाकून झोपायला लागली.

सोमवारी सकाळी ती दुकानात यायची आणि स्टुलावर बसायची. पाहुण्यांनी साइटवर काय लिहिलंय ते मी वाचून दाखवायचं. तारे किती मिळाले ते आधी.

"पाच," मी म्हणायचो.

"पुढे वाच. पाच देणारेसुद्धा खोड काढतात."

आणि काढायचेच. कोंबडा पहाटे ओरडतो, असं कुणी लिहिलं. आत्याने कोंबडा देऊन टाकला. कुत्रा अंगावर येतो, असं लिहिलं. तो बिचारा दात पडलेला कुत्रा अंगावर काय येणार, फार तर लाळ लावणार. तोही दूधवाल्याकडे गेला. मग एकाने लिहिलं की मालकीणबाई फार खोकतात. त्या दिवशी मी फोन खिशात घातला आणि म्हटलं, "आत्या, आता तुलाच देऊन टाकायचं का कुणाला?" ती हसली. पण पुढच्या शनिवारपासून खोकला आला की ती तोंडावर टॉवेल धरून मागच्या अंगणात जायला लागली.

बाथरूम झालं. फरशी माझ्या दुकानातली, नळ माझ्या दुकानातले, नफा न घेता. जावई येऊन बघून गेला, गरम पाण्याचा नळ सोडून बघितला, आणि म्हणाला की आता रस्त्यावर ट्रक फार असतात, झोप लागणार नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्याने जाऊन तो नळ बंद केला. ज्यासाठी हे सगळं केलं ते राहिलं बाजूला, आणि पाहुण्यांची मात्र सवय लागून गेली.

सवय फार वाईट. भिंगरी शहरात चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची. तिला सुट्टी शनिवार-रविवारची. ती फोन करायची, "आई, या शनिवारी येऊ का?" आणि आत्या म्हणायची, "या शनिवारी नको गं, तिन्ही खोल्या भरल्यात. तू सोमवारी ये ना, निवांत." सोमवारी तिला नोकरी असते हे आत्याला माहीत नव्हतं असं नाही. पण बोलताना तिच्या तोंडून तेच यायचं. परक्याला नाही म्हणता येत नाही, आपल्या माणसाला म्हणता येतं. आपलं माणूस समजून घेतं, असं आपण धरून चालतो. भिंगरी "बरं" म्हणायची आणि फोन ठेवायची.

एका शनिवारी ती न विचारता आली. मी तेव्हा आत्याकडेच होतो, स्वयंपाकघरातला नळ गळत होता. संध्याकाळ होत आली होती. मागच्या दाराने भिंगरी आत आली. हातात मोठी बॅग, एका दिवसाला लागते त्याहून मोठी. चेहरा उतरलेला. आत्याच्या कपाळावर आधी आठी आली आणि मग आनंद. हा क्रम मी पाहिला, आणि भिंगरीनेही पाहिला.

"अगं, कळवायचंस ना! आज मुंगीला जागा नाही घरात. बरं, असू दे. इथे स्वयंपाकघरात गादी टाकते तुला."

"चालेल आई."

तेवढ्यात तळ्याकडच्या खोलीतली बाई दारात आली. तिला चहा हवा होता. तिने भिंगरीकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं आणि जरा नाराजीने म्हणाली, "तुम्ही तर लिहिलंय की घरात तुमच्याशिवाय कुणी नसतं. ह्या कोण?"

आत्या गडबडली. तारे जातील, एवढंच तेव्हा तिच्या डोक्यात आलं असणार. ती म्हणाली, "कामाला येते हो. मदतीला. गर्दी असली की बोलावते."

माझ्या हातातला पाना तसाच राहिला. भिंगरीने आईकडे पाहिलं, मग बॅग ओट्याखाली पायाने सरकवली, हात धुतले आणि त्या बाईला विचारलं, "साखर किती घालू?" चहा करून तिने ट्रे त्या खोलीत नेऊन दिला, ज्या खोलीत ती लहानाची मोठी झाली. परत येऊन भांडी घासली. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत पुटपुटली, "रागावू नकोस गं, उद्या दुपारी जातील मेले." भिंगरी म्हणाली, "मी कुठे रागावलेय?"

पण दुपारपर्यंत ती थांबली नाही. सकाळी मी दुकान उघडत होतो तेव्हा ती समोरच्या बसथांब्यावर बॅग घेऊन उभी. मी रस्ता ओलांडून गेलो.

"भिंगे, कुठे निघालीस?"

"परत."

"घरी?"

"घर कुठलं दादा? मी ते सोडून आले होते काल." धुळीचा लोट आला तशी तिने बॅग जवळ ओढली. "तो मारत नाही रे. मारलं असतं तर लोकांना सांगता तरी आलं असतं. तो बोलतच नाही. महिना महिना. मी खोलीत आले की दिवा बंद करून जातो. माझी ताटली वेगळी ठेवलीय. आईकडे राहू म्हटलं थोडे दिवस. पण तिथे जागा नाही."

मी म्हटलं माझ्याकडे चल. ती नको म्हणाली. तिच्या चष्म्याच्या दुकानातली एक मुलगी वसतिगृहात राहते, तिच्याकडे एक खाट आहे म्हणाली. बस आली. बसमध्ये चढताना म्हणाली, "आईला आत्ता नको सांगूस. पाहुणे असतील."

पाहुणे! मी तडक आत्याकडे गेलो, आणि ते लोक नाश्ता करत होते त्यांच्यासमोरच तोंड सोडलं. "तुझी मुलगी संसार सोडून तुझ्या दारात आली आणि तू तिला मोलकरीण केलंस!" पाहुण्यांचे घास हातातच राहिले. आत्या भिंतीला टेकली. तिने मला ओरडू दिलं, मग शांतपणे त्या लोकांच्या पुढ्यातल्या बशा उचलल्या आणि म्हणाली, "तुम्ही जा आता. मला माझी खोली हवीय." त्या रविवारी आम्हाला एक तारा मिळाला.

त्यानंतर आत्याने कधी नाही ती जिद्द धरली. तळ्याकडची खोली आता कुणालाही द्यायची नाही. "त्या फोनवर काय करायचं ते कर," मला म्हणाली, "पण ती खोली भिंगरीची. दर शनिवारी, दर रविवारी, कायमची." मी साइटवर त्या खोलीच्या पुढच्या सगळ्या तारखा बंद करून टाकल्या. एक बटण दाबलं की झालं. उरलेल्या दोन खोल्यांवर ती भागवायला लागली.

तिने भिंगरीला फोन केला. माफी वगैरे मागणं तिला जमत नाही. तिच्या पिढीत कुणाला जमतं? ती म्हणाली, "खोली रिकामी ठेवलीय तुझ्यासाठी. कधीही ये." भिंगरी म्हणाली, "बघते आई." पुढच्या फोनला पुन्हा तेच. त्याच्याही पुढच्या फोनला. आत्या शनिवारी सकाळी त्या खोलीतली चादर बदलायची. कुणी झोपलेलं नसायचं, तरी बदलायची, धुवायची, इस्त्री करायची. मग बसच्या वेळेला काहीतरी निमित्त काढून माझ्या दुकानात येऊन बसायची. कधी दोन स्क्रू हवे असायचे, कधी सुतळी. बस यायची, चार माणसं उतरायची. आत्या सुतळी उचलून घरी जायची. तिच्याकडे इतकी सुतळी साठली असेल की सगळं तळं बांधून काढता येईल.

असे कितीतरी महिने गेले. तळ्याच्या पलीकडच्या काठावर दोन मोठ्या इमारती आल्या आणि खोलीत सूर्य उशिरा यायला लागला. मग आत्याचा पाण्याचा पंप जळला. माझ्याकडून पंप फुकट घेईल तर ती आत्या कसली! मान खाली घालून म्हणाली, "एवढ्या एका शनिवारी उघड ती खोली. पंपापुरती. तशीही ती येत नाहीच."

मी दुपारी ती तारीख खुली केली. चहा संपायच्या आत फोन वाजला. बुकिंग आलं होतं. एक व्यक्ती, दोन दिवस, पैसे भरलेले. नाव मी पुन्हा एकदा वाचलं. नाव भिंगरीचं होतं. आम्ही कधी वापरत नाही ते, शाळेतलं, कागदावरचं.

आत्याला सांगितलं तेव्हा तिला काही केल्या कळेना. "पैसे कशाला भरले वेडीने? आपल्याच घरात?" मग स्वतःच म्हणाली, "थट्टा करत असेल." आणि दोन दिवस ती त्या थट्टेवर हसत राहिली. अंगण झाडलं, पडदे धुतले. दूधवाल्याकडून कुत्र्याला एका दिवसापुरतं मागून आणलं. त्याला कशाचंही सोयरसुतक नव्हतं, तो दारात झोपून राहिला.

शनिवारी भिंगरी पुढच्या दाराने आली. लहान बॅग. ती फार वाळली होती. खोलीत गेली आणि दार लोटून झोपली ती दिवस मावळेपर्यंत. आत्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसली होती, कुणी मोठ्याने बोललं की डोळे वटारत. झोपून उठल्यावर भिंगरी स्वयंपाकघरात आली, आम्ही तिघं जेवायला बसलो, आणि आत्याने विचारलंच.

"इतके दिवस बोलावतेय, आली नाहीस. आणि आता पैसे भरून?"

भिंगरीने घास खाली ठेवला. "भरलेल्या घरात कशाला येऊ आई? तू म्हणायचीस खोली रिकामी आहे. मी लगेच फोनवर बघायचे. दर आठवड्याला बघायचे. कायम भरलेली. पुढच्या महिन्यात बघितलं, तेव्हाही भरलेली. मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस, आणि मी आले की पुन्हा ओट्यापाशी गादी टाकशील. तुला खोटं कशाला पाडायचं म्हणून बोलले नाही. परवा पहिल्यांदा रिकामी दिसली, तर लगेच पैसे भरून टाकले. पैसे भरलेल्याला तू नाही म्हणत नाहीस."

आत्या माझ्याकडे बघायला लागली. मला बोलणं भाग होतं. मी सांगितलं की खोली बंद करून ठेवली काय आणि पाहुण्याने घेतली काय, साइटवर बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. भरलेली. एक दिवसही तिथे कुणी राहिलं नाही, भिंगे. तुझ्यासाठीच बंद होती ती.

पलीकडच्या इमारतीतून कुणाचा तरी मिक्सर सुरू झाला आणि बराच वेळ चालू राहिला.

"मग आता राहा," आत्या म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "आता कळलं ना? मग राहा. जाऊच नकोस."

भिंगरीने आईचा हात धरला. "आता नाही जमणार आई. वसतिगृहातली खाट दोन महिन्यांत गेली. मग ताप आला, नोकरीवर खाडे झाले. तो न्यायला आला. कुठेतरी जायचंच होतं, मग गेले. आता मला दिवस गेलेत. तो आता बोलतो, थोडं थोडं. मूल झाल्यावर आणखी बोलेल." ती हसायला गेली, पण हसू काही आलं नाही. "मला फक्त दोन दिवस झोपायचं होतं. इथे चांगली झोप लागते."

आत्या ढसाढसा रडली. मला वाटलं होतं ती भिंगरीवर रागावेल, माझ्यावर रागावेल, निदान त्या साइटवाल्यांच्या नावाने बोटं मोडेल. तिने कुणालाच काही म्हटलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. तारखा बंद करताना एकदा तरी माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंगरीने स्वतःच पलंगावरची चादर काढली, घडी करून उशाशी ठेवली, जशी पाहुण्यांनी ठेवावी असं मी साइटवर लिहिलंय, आणि बसने गेली. आत्या थांब्यावर आली नाही. मी परत जाऊन बघितलं तर ती तळ्याकडच्या खोलीत पलंगावर बसली होती.

"बघ तुझ्या फोनमध्ये," ती म्हणाली. "आता काय दिसतंय? पुढच्या शनिवारी?"

"बंद केलेली आहे आत्या. म्हणजे भरलेली दिसतेय."

"उघड. सगळ्या तारखा उघड. रोज रिकामी दिसली पाहिजे तिला. कधीही बघितलं तरी."

"अगं, पण मग लोक घेतील."

"घेऊ देत. त्यांना नाही म्हणायचं. शिकायला हवं होतं मला ते आधीच."

तेव्हापासून मी तेच करतोय. खोली उघडी असते. कुणी ना कुणी ती घेतं, पाच मिनिटांत मी माफी मागून रद्द करतो, पैसे परत जातात, आणि खोली पुन्हा रिकामी दिसायला लागते. शनिवार-रविवारी तर दुकानात गिऱ्हाईक बघू का हे बघू, अशी गत होते. लोक चिडून काय काय लिहितात. आत्या ते वाचून दाखवायला सांगत नाही. ती येऊन स्टुलावर बसते आणि एवढंच विचारते, "रिकामी दिसतेय ना?" मी फोन तिच्यापुढे धरतो. अक्षरं तिला वाचता येत नाहीत, पण खोलीचा फोटो ओळखते. बघते आणि घरी जाते.

गेल्या आठवड्यात साइटवाल्यांनी आम्हाला काढून टाकलं. वारंवार बुकिंग रद्द केल्याबद्दल. आता तिथे ना खोली दिसते ना घर. भिंगरीचा फोन लागत नाही. मी फोटो माझ्या फोनमध्ये वेगळा ठेवलाय आणि आत्या आली की तोच तिच्यापुढे धरतो.